भाकरीचे खापर आणि पावाची भट्टी

पोलादपूर मागे पडले, की मुंबईहून गोव्याकडे जाणारा रस्ता कशेडीच्या घाटाला लागतो. घाट उतरला की खेड. कोकणच्या चाकरमान्याच्या कितीतरी पिढ्या या वळणांवरून गेल्या-आल्या. 2023 साली गणपतीच्या तोंडावर डोंगराखालच्या बोगद्याची एक बाजू खुली झाली आणि वळणांचा त्रास पुष्कळ कमी झाला. याच रस्त्याने मुंबईच्या पावानेही आपल्या भागात पाय रोवला. रस्त्याकडेच्या हॉटेलात आज मिसळीबरोबर पाव मिळतो, शाळेची सहल निघाली की मुले वडापाव मागतात. पण घाटाच्या दोन्ही अंगांच्या वाड्यांत घरच्या पानावर पडते ती भाकरीच; कधी तांदळाची, कधी नाचणीची.

पाव काय आणि भाकरी काय, दोन्ही पीठ, पाणी आणि आग यांचीच लेकरे. तरी भाकरीला चूल पुरते आणि पावाला भट्टी लागते. असे का? आणि उद्या आपल्याच वाडीतल्या चार-सहा बायांनी एकत्र येऊन पाव भाजायला मातीची भट्टी घालायची ठरवली, तर ती केवढी घालावी?

प्रश्न गवंड्याचा वाटतो खरा. पण थोडे मागे जाऊन पाहिले तर ध्यानात येते, की चुलीचे माप माणसाने कधी नुसत्या विटा मोजून ठरवले नाही. धान्य कोणते, लाकूड किती, आणि एका आगीभोवती माणसे किती, या तीन गोष्टींनी ते ठरत आले. आज त्याच मापाचा इतिहास आपण पाहू.

फार जुन्या काळापासून सुरुवात करू. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे 1968 पासून 1983 पर्यंत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांहून जुने शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. घरांच्या जमिनी सापडल्या, धान्याची पेवे सापडली, चुली सापडल्या, जळके जवाचे दाणे सापडले. राजस्थानात कालीबंगन येथे तर याहूनही जुन्या, आजच्या तंदूरसारख्या दिसणाऱ्या मातीच्या भट्ट्या मिळाल्या. म्हणजे उघडी चूल आणि बंद भट्टी या दोन्ही वस्तू आपल्या देशाला परक्या नाहीत.

आता खापर घ्या. हा शब्द संस्कृत ‘कर्पर’ या शब्दावरून आला. वैदिक यज्ञात पुरोडाश नावाची जाड भाकरी भाजत. ती तांदळाची किंवा जवाची असे. तिला अखंड तवा नसे. मातीच्या भाजलेल्या लहान लहान कपऱ्या, त्यांना कपाल म्हणत, निखाऱ्यांवर एकमेकींना लावून मांडत आणि त्यांवर पुरोडाश ठेवत. अग्नीसाठी असेल तर आठ कपाले, अग्नी आणि सोम या जोडीसाठी असेल तर अकरा. देवता बदलली की भाजण्याच्या जागेचे माप बदलले! आणि पुरोडाश केवढा करावा? शतपथ ब्राह्मणात याची मोठी गमतीची चर्चा आहे. तो फार मोठा करू नये, असे सांगून ग्रंथकार कोणाचे तरी मत देतो, की घोड्याच्या टापेएवढा करावा. आणि लगेच विचारतो, की घोड्याची टाप केवढी असते हे कोणाला ठाऊक आहे? शेवटी निवाडा असा, की करणाऱ्याला स्वतःच्या मनाने जो फार मोठा वाटणार नाही तेवढा करावा. शिक्षक बंधुभगिनींनो, हा निवाडा लक्षात असू द्या. शेवटी आपल्याला त्याकडेच यायचे आहे.

खापराची दुसरी गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. खापर आणायला ती कुंभाराकडे गेली, तर विसोबाने ते मिळू दिले नाही. बहीण रडत घरी आली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले, अशी परंपरेची कथा आहे. चमत्कार ज्याचा त्याने मानावा. पण कथेत इतिहासाचे दोन कण आहेत. मांडे भाजायला खापरच लागे, हा एक. खानदेशात आजही मांडे उपड्या खापरावर भाजतात, आणि मांडा हातावर पसरून मोठा करायचा असल्याने खापरही मोठे घेतात. दुसरा कण जरा कडू आहे. एखाद्याला वाळीत टाकायचे असेल तर त्याचे भाजण्याचे साधनच अडवायचे. चूल ही अशी माणसामाणसांतल्या नात्याची वस्तू आहे.

आता आपल्या डोंगराकडे या. महाड आणि पोलादपूर हा सावित्रीच्या खोऱ्याचा मुलूख. खाली भात, वर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. पाऊस असा, की चार महिने लाकूड कोरडे ठेवणे हेच घरच्या बाईचे मोठे काम. गहू इथले पीक नव्हे. आणि तांदूळ-नाचणीच्या पिठात गव्हातला तो चिवट अंश, ग्लुटेन, नसतो. म्हणून तांदळाच्या भाकरीला आधी पिठाची उकड काढावी लागते, नाहीतर भाकरी थापताना फाटते. अशा पिठात खमीर घालून ठेवले, तरी त्यात हवा कोंडून राहत नाही आणि गव्हाच्या पावासारखा गोळा उभा राहत नाही. म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनी पीठ उभे न फुगवता आडवे पसरले. पातळ भाकरी दोन-तीन मिनिटांत भाजते. तव्यावर दोन्ही बाजू धरल्या, की ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावायची. आतल्या पाण्याची वाफ होते आणि भाकरी टम्म फुगते. तिला फुगवते ती वाफ, खमीर नव्हे.

अशा भाकरीला जाड भिंतीची भट्टी काय कामाची? तिला पातळ खापर हवे, पटकन तापणारे. जाड खापर तापायला आधी लाकूड खाते आणि मग सकाळच्या घाईत बाईचा वेळ खाते. खापराची रुंदीही भाकरीवरून ठरते. आपली भाकरी साधारण वीतभर रुंद. तिच्या सभोवार दोन-दोन बोटे जागा राहील एवढे खापर पुरे. त्याहून मोठे घेतले तर कडा जाळाबाहेर राहतात, मध्य करपतो आणि कडेला भाकरी कच्ची राहते. पुढे लोखंडाचा आणि बिडाचा तवा आला. पण रत्नागिरीकडच्या खापरोळीने आपल्या नावात खापर अजून जपून ठेवले आहे.

पावाचे गणित याच्या उलट आहे. गव्हाचे पीठ मळून, खमीर घालून फुगत ठेवले, की जाड गोळा होतो. तो खालून भाजून भागत नाही. वरून, बाजूने, सगळीकडून सारखी ऊब लागते. लहान पावाला पंधरा-वीस मिनिटे, अर्ध्या किलोच्या पावाला पाऊण तासापर्यंत. एवढा वेळ उघड्या जाळावर ठेवला तर बाहेरून कोळसा आणि आत कच्चे पीठ! म्हणून घुमट लागतो. घुमटाच्या आत लाकडे पेटवायची, माती तापली की निखारे बाजूला सारायचे किंवा बाहेर ओढायचे, पाव आत सरकवायचे आणि तोंड बंद करायचे. त्यानंतर पाव भाजतो तो मातीत साठलेल्या उष्णतेवर. भाकरीची माती पातळ हवी, पावाची माती जाड हवी. सगळा फरक या एका वाक्यात आला.

ही पावाची भट्टी आपल्या किनाऱ्यावर रुजवली पोर्तुगीजांनी. 1510 साली त्यांनी गोवा घेतले. ‘पाव’ हा शब्दच त्यांच्या ‘पांव’ या भाकरीवाचक शब्दावरून आला. पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती मुलांना सांगू नका. ती खरी नाही. गोव्यात खमीर सहज मिळेना, तेव्हा माडाची सूर पीठ फुगवण्याच्या कामी आली. पाव भाजणारा तो पोदेर. उंडे, पोळी, कातरे पाव, काकण असे त्याचे प्रकार. आणि टोपली बांधलेल्या सायकलीवर भोंगा वाजवत तो आजही गोव्याच्या गावात सकाळ-संध्याकाळ फिरतो. आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, चौल-रेवदंड्याला, पोर्तुगीज सत्ता 1740 पर्यंत होती. म्हणजे पाव खाणारी माणसे आपल्या उंबऱ्यावर दोनशे वर्षे राहिली. तरी सावित्रीच्या खोऱ्यातल्या वाड्यांनी भट्टी घातली नाही.

का घातली नाही? धान्याचे कारण सांगितलेच. पण भट्टीला धान्याखेरीज आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे एकत्र खाणारी माणसे. एका घरासाठी रोज घुमट तापवणे कोणालाच परवडत नाही. पंजाबात गावच्या सामाईक तंदुरावर बाया आपापले मळलेले पीठ घेऊन जमतात. जुन्या फ्रान्समध्ये गावाला मोठी भट्टी असे. ती पुष्कळदा जमीनदाराची. कुळांनी तिथेच पाव भाजावा आणि त्याचा मोबदला द्यावा अशी सक्ती होती. 1789 च्या क्रांतीनंतर हे जुने हक्क बुडाले. तिथली भट्टी जुलमाची होती, पण गाव त्या एका आगीवर जेवत होते.

आपल्याकडे मात्र रोटीबेटीचे निर्बंध. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणाची सावली कोणाच्या चुलीवर पडावी, याचे नियम गावोगाव कडक होते. पाव तर अधिकच संशयाचा. परक्यांनी विहिरीत पाव टाकून गावे बाटवली अशा गोष्टी किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. आणि दूर कशाला जायचे? आपल्या महाडातच, 20 मार्च 1927 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, कारण सार्वजनिक तळ्याचे पाणीही अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. जिथे पाण्याची ही कथा, तिथे सर्वांची भाकरी एका आगीवर कशी भाजली जाणार? आपली चूल लहान राहिली आणि स्वयंपाकघराच्या आतल्या अंगाला गेली, याचे एक कारण लाकूड आणि दुसरे कारण हे. ते नजरेआड करून चुलीचा इतिहास सांगता येत नाही.

आता काळ पालटला आहे. गावात बचतगट आहेत, वेगवेगळ्या आळ्यांतल्या बाया एका सतरंजीवर बसून हिशेब करतात, एकमेकींच्या डब्यातले खातात. रेशनवर आणि दुकानात गहू मिळतो. तेव्हा सामाईक भट्टीचा विचार कोणाच्या मनात आला तर तो अवास्तव नाही. अशा वेळी पहिला मोह होतो तो मोठेपणाचा. ‘घालायचीच आहे तर दणदणीत घालू, उद्या उपयोगी पडेल!’ इथेच थांबून हिशेब मांडावा. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर घालून द्यावे, इतके ते सोपे आहे.

समजा, भट्टीचा तळ आतून 70 सेंटिमीटर रुंद, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे 3,850 चौरस सेंटिमीटर येते. अर्ध्या किलोच्या एका गोल पावाला, फुगण्याची जागा धरून, साधारण 700 चौरस सेंटिमीटर लागतात. दाराकडची आणि कडेची जागा सोडली, तर एका वेळी चार पाव बसतात. आता दुसरी भट्टी 106 सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फूट रुंद धरा. तिचा तळ 8,800 चौरस सेंटिमीटरांच्या वर जातो आणि दहा पाव बसतात.

आता मातीचे वजन बघा. दोन्हींचा घुमट अर्ध्या गोलासारखा आणि भिंत 10 सेंटिमीटर जाड धरली, तर लहान भट्टीच्या घुमटात सुमारे 165 किलो माती बसते, मोठीच्या घुमटात सुमारे 345 किलो. ही सगळी माती थंडीतून वर आणायची आहे. लाकडाची बरीचशी उष्णता धुरावाटे निघून जाते, हे धरून ढोबळ हिशेब केला, तर लहान भट्टीला एका वेळी 8 किलोच्या आसपास सुके लाकूड आणि मोठीला 16 किलोच्या आसपास. ओल्या लाकडाला याहून पुष्कळ अधिक.

आता भागाकार करा. लहान भट्टी भरून चार पाव भाजले, तर पावामागे 2 किलो लाकूड. मोठी भरून दहा भाजले, तर पावामागे 1.6 किलो. म्हणजे मोठी भट्टी स्वस्त! पण थांबा. मोठीत चारच पाव भाजले तर पावामागे 4 किलो लाकूड जळाले. भरलेली मोठी भट्टी काटकसरी, आणि अर्धी रिकामी मोठी भट्टी उधळी. ते जादा 8 किलो लाकूड कोणी तरी डोक्यावरून आणलेले असते, आणि ते ‘कोणी तरी’ बहुधा बाईमाणूसच असते. कशेडीच्या चढावर मोळी घेऊन चढणाऱ्या बाईला विचारा, 8 किलो म्हणजे काय ते!

पोदेराची किंवा शहरातल्या बेकरीवाल्याची भट्टी मोठी असते, ती याच कारणाने शोभते. ती रोज पेटते, कधी पुरती निवत नाही, आणि एकामागून एक घाणे निघतात. आपली वाडीतली भट्टी आठवड्यातून एकदा-दोनदा पेटणार. दर वेळी ती गार मातीपासून सुरू होणार. म्हणून बेकरीकडे बघून माप घेऊ नये. बेकरीवाल्याची एक युक्ती मात्र जरूर घ्यावी. तो पाव सुटे ठेवत नाही, एकमेकांना चिकटवून लादी करतो. मधली रिकामी जागा वाचते आणि तेवढ्याच तळावर जास्त पाव बसतात. भट्टी वाढवण्याआधी मांडणी सुधारावी, हा धडा लादीपावात आहे.

मग माप ठरवावे कसे? आधी माणसे मोजा. भट्टी पेटण्याच्या दिवशी किती घरांना पाव लागणार, ते लिहून काढा. पेटवलेल्या भट्टीत उष्णता उरते, तेव्हा एका तापात दोन घाणे निघतात, दुसरा जरा सावकाश. वीस पाव हवे असतील, तर दहाची भट्टी पुरे. आठ हवे असतील, तर चारची. मग पाव मापा, त्यावरून तळ काढा, आणि शेवटी घुमट. लोक नेमके उलटे करतात. आधी घुमट बांधतात आणि मग त्यात घालायला पाव शोधतात.

घुमटाची उंची तळाच्या निम्म्याहून थोडी अधिक चालते. दाराची उंची मात्र घुमटाच्या आतल्या उंचीच्या 60 ते 65 टक्के असावी. दार याहून उंच झाले तर उष्णता बाहेर पळते. फार ठेंगणे झाले तर आत वारा जात नाही आणि लाकूड धुमसते. घुमट 40 सेंटिमीटर उंच असेल तर दार 25 सेंटिमीटर, असे धरा. माती वारुळाची किंवा कुंभाराच्या पसंतीची चिकण घ्यावी, तीत वाळू आणि भाताचे तूस मिसळावे, म्हणजे वाळताना भेगा कमी पडतात. नदीतले गोटे आगीजवळ मुळीच लावू नयेत. त्यांत पाणी मुरलेले असते आणि तापल्यावर ते फुटून उडतात. पहिला जाळ लहान असावा, दुसरा थोडा मोठा. ओल्या मातीला एकदम भडका दिला तर घुमट तडकतो. आणि आपल्या पावसात वर छप्पर हवेच. भिजलेली भट्टी आधी आपले पाणी उकळवते, मग पाव भाजते, आणि त्या पाण्यासाठी लागणारे लाकूडही आपलेच!

भट्टी तापली की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. निखारे सारून तळ पुसून घ्या आणि पिठाची चिमूट टाका. मिनिटाभरात ती बदामी झाली, तर पाव घालावा. टाकताक्षणी काळी पडली, तर थोडे थांबावे. पांढरीच राहिली, तर अजून लाकूड लागेल.

हा मापाचा प्रश्न आपल्यापुरता नाही. परदेशात घराच्या अंगणात ठेवायची अंड्याच्या आकाराची, जाड सिरॅमिकची झाकणवाली शेगडी मिळते. तिला कामादो म्हणतात. हा जपानी शब्द. त्याचा अर्थ चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन माणसांनी जपानमधून ही कल्पना नेली आणि पुढे तिचा मोठा व्यापार झाला. आता अशा शेगड्या आपल्या शहरांतही विकत मिळतात, आणि घेणारा हाच प्रश्न विचारतो, की पाव भाजायला केवढी घ्यावी? उत्तरही तेच. जाळी 18 इंच रुंद असेल, तर तिच्यावर 14 इंचांचा भाजायचा दगड ठेवावा, म्हणजे सभोवार दोन-दोन इंच जागा गरम हवेला मिळते, आणि त्यावर 10-11 इंचांचा पाव नीट भाजतो. जाळी 13 इंचांची असेल, तर 9 इंचांचा दगड आणि 7 इंचांचा पाव. दगड जाळीभर ठेवला तर हवेची वाट बंद होते, आणि पाव खाली जळून वर फिका राहतो. आगीच्या आणि दगडाच्या मध्ये एक आडवी फरशी हवी, नाहीतर जाळ थेट बुडाला लागतो. दोन माणसांच्या घराने मोठी घेतली, तर कोळसा उगाच जास्त जातो. बाकी त्या महागड्या शेगडीतली विद्या आपल्या कुंभाराच्या आव्यात आणि पोदेराच्या घुमटात आहे तीच: जाड माती, कोंडलेली ऊब, बेताचे तोंड.

माप चुकले की काय होते, याचा एक दाखला आपल्या देशातच आहे. 1953 साली हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीचा प्रसार सुरू केला. बाईचे डोळे आणि छाती धुरातून सोडवायची, हा हेतू फार मोलाचा होता. पुढे 1983 पासून सरकारने सुधारलेल्या चुलींची देशव्यापी योजना चालवली. पण अशा चुलींची भोके ठरीव मापाची, आणि घरोघरची भांडी वेगवेगळी. जिथे भांडे भोकावर बसले नाही, तिथे फटीतून धूर पुन्हा घरात आला. चूल शहाणी होती, पण ती त्या घराच्या भांड्यावरून घेतलेली नव्हती. 2016 पासून उज्ज्वला योजनेने गॅस पुष्कळ घरांत गेला, तरी सिलिंडरचे पैसे जमेपर्यंत चूल बाजूला पेटतीच असते, हे आपण पाहतो.

आणि धुराचा प्रश्न मोठ्या भट्टीलाही चुकत नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकडावर आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसकडे किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. दाटीच्या शहरात ते रास्तच आहे. आपण डोंगरात राहतो म्हणून आपला धूर निर्मळ ठरत नाही. तेव्हा भट्टी घराबाहेर, मोकळ्या वाऱ्यावर घालावी, लाकूड वर्षभर वाळवून वापरावे, आणि तोडलेल्या झाडाच्या जागी झाड लावावे. ज्या उतारांवर 2021 च्या जुलैत तळियेसारखी दरड कोसळली, त्या महाड तालुक्यातल्या माणसाला उतारावरचे झाड म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही.

वाचकहो, आज आपल्या कितीतरी वाड्यांत तरुण मंडळी मुंबई-पुण्याला आहेत आणि घरी दोन म्हातारी माणसे. वीस माणसांच्या एकत्र कुटुंबासाठी घातलेल्या जुन्या चुलीवर आजी दोन भाकऱ्या भाजते, आणि वैलावर भांडे ठेवायला नसते. तिला लहान खापर आणि लहान चूल करून देणे, हेही मापाचेच काम आहे. आणि गणपतीला, होळीला घर भरले, की तीच लहान चूल अपुरी पडते. अशा दिवसांसाठी वाडीची एक सामाईक भट्टी असली, तिच्यावर सगळ्या आळ्यांचा सारखा हक्क असला, तर लाकूडही वाचेल, आणि पूर्वी जे जमले नाही तेही थोडे जमेल.

शतपथातला तो जुना निवाडा आता पुन्हा आठवा. टापेचे माप कोणालाच ठाऊक नाही. करणाऱ्याला आपल्या मनाने फार मोठे वाटणार नाही, तेवढे करावे. त्याला आपण एवढीच जोड देऊ, की मनाला विचारण्याआधी माणसे मोजावीत, पाव मोजावा आणि मोळी उचलणारीला विचारावे. तिने होकार दिला, तर समजावे, माप बरोबर आहे.